काही मोडलंय का?

शब्द बदलायची कल्पना वहिनींची. पण पान्याने तो बदलू दिला, तेव्हा दोष वाटायचाच झाला तर दोघांना सारखा वाटावा.

प्रस्तावाच्या मसुद्यात पान्याने सरळ लिहिलं होतं, ‘नेटवर्कच्या दुरुस्तीसाठी निधी’. वहिनींनी ते वाचलं आणि कॉलवर त्यांच्या कपात फिरणारा चमचा थांबला.

“दुरुस्ती लिहू नका.”

“दुरुस्तीच आहे ना पण.”

“म्हणूनच लिहू नका. दुरुस्ती म्हटलं की पहिला प्रश्न येणार, काय मोडलंय? साध्या माणसाने विचारलं तर काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ. पण ज्यांचा धंदाच भोकं शोधायचा आहे ते विचारत बसणार नाहीत. कोड उघडतील आणि कामाला लागतील. आपल्याला सापडलं ते त्यांना सापडायला कितीसा वेळ?”

पान्याने ‘दुरुस्ती’ खोडलं आणि ‘देखभाल’ लिहिलं. शब्द इतका निरुपद्रवी होता की वाचणाऱ्याला तिथल्या तिथे जांभई यावी. हवं होतं ते हेच, असं दोघांनाही वाटलं.

पाना हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. नेटवर्कवर खऱ्या नावाने कुणी वावरत नाही. कुठे काही ढिलं झालं की हा आवळायला धावतो म्हणून कुणीतरी त्याला पाना म्हणालं आणि तेच चिकटलं. वहिनी कुणाच्या वहिनी, हे तर देवालाच ठाऊक. त्यांना कुणी पाहिलेलंही नव्हतं. आवाज चाळिशीतल्या बाईचा, मागे कायम दोन मुलांची भांडणं, आणि कोड असा लिहायच्या की चुका काढायला बसलेला माणूस गपचूप शिकून उठायचा. जगात क्रिप्टोची नाणी हजारांनी आहेत. त्यातलं हे एक, ना फार मोठं ना अगदीच चिल्लर. ते चालतं ठेवायचं काम या दोघांच्या गळ्यात होतं.

पगार द्यायला तिथे मालक नाही, कंपनी नाही. प्रत्येक व्यवहारातला चिमूटभर भाग एका सामाईक खजिन्यात पडतो, आणि त्यातून कुणाला काय द्यायचं हे ज्यांच्याकडे नाणी आहेत ते मत देऊन ठरवतात. ज्याची नाणी जास्त त्याचं मत जड. मत द्यायचं तर तेवढी नाणी कुलपात ठेवावी लागतात; आज मत दिलं आणि उद्या नाणी विकून पसार झाला, असं कुणी करू नये म्हणून. कुलपाची मुदत जितकी लांब तितकं मत आणखी जड, सगळ्यात लांब मुदतीला सहापट. निकाल लागला की हरलेल्यांची कुलपं लगेच उघडतात. जिंकलेल्यांची मात्र मुदत भरेपर्यंत बंद राहतात. निर्णय तुमचा, तर त्याची फळं चाखायलाही तुम्हीच थांबा. हा नियम पान्याने आणि वहिनींनीच सुचवला होता आणि तेव्हा त्याचं फार कौतुक झालं होतं.

आणि भोक नेमकं कुलपातच निघालं.

पाना भलतंच काहीतरी तपासत होता. संगणकावर नेटवर्कची नक्कल उभी करून तो चाचण्या घेत होता आणि एका चाचणीत कुलपातली नाणी त्याला कमी दिसली. आपलीच काही चूक असेल म्हणून त्याने पुन्हा केलं. मग मुद्दाम केलं. तीन साध्या गोष्टी एका ठरावीक क्रमाने केल्या, की कुणाच्याही कुलपातली नाणी कुणालाही, मालकाला न विचारता, बाहेर काढता येत होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने वहिनींना फोन लावला, वहिनींनी त्यांच्याकडे तेच करून पाहिलं, आणि त्यांच्याकडेही नाणी बाहेर आली.

बुजवायचं तर कुलपाची अख्खी रचना पायापासून बदलायला हवी होती. काही महिन्यांचं काम, तेही दोघांनी दुसरं काहीही न करता. आणि दोघांच्या पगाराची मंजुरी महिनाअखेर संपत होती.

आता गंमत बघा, हिला गंमत म्हणायची तर. कुलूप दुरुस्त करायला पैसे हवेत. पैशांसाठी मतं हवीत. मतं द्यायची तर नाणी कुलपात हवीत. म्हणजे पाना जितक्या लोकांच्या हातापाया पडून मत मागेल तितक्यांची नाणी तो स्वतःच्या हाताने त्या भोकाशी नेऊन ठेवणार. नेटवर्क काही दिवस बंद ठेवावं म्हटलं, तर त्यालाही मतच लागतं, आणि मत म्हटलं की पुन्हा कुलूप. उघड सांगावं तर चोर धावणार. न सांगावं तर मतं मिळणार नाहीत. त्यांच्या धंद्यात एक नियम कसोशीने पाळतात, आधी बुजवा, मग बोला. तो नियम शहाण्या माणसांनी केलेला आहे. पण बुजवायला पैसे मागावे लागले तर काय बोलावं, हे त्या शहाण्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून पान्याला घास गिळेना.

पाना राहायचा बहिणीकडे. आई गेली तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता आणि ताई नुकती कामाला लागली होती. तेव्हापासून तीच त्याचं घर. ताईचा धंदा कवळ्या बनवायचा. दंतवैद्य माणसांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे, ताई त्यात प्लास्टर ओतून जबडे काढायची, मेणात एकेक दात बसवायची, मेणाच्या जागी गुलाबी हिरडी भरायची आणि घासूनपुसून चकचकीत केलेली कवळी डबीत घालून परत पाठवायची. पुढची खोली हा कारखाना. मागच्या खोलीत पान्याचं टेबल आणि टेबलावरच्या फळीवर अनोळखी माणसांचे पांढरे जबडे ओळीने आ वासून बसलेले. त्याच्या कीबोर्डमध्ये कायम प्लास्टरची पूड. ताईचं घासायचं मशीन सुरू झालं की कॉलवर कुणीतरी विचारायचंच, मागे कसला आवाज?

“बहीण दात घासतेय,” पाना सांगायचा.

“इतका वेळ?”

“दुसऱ्यांचे.”

ताईने लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, दिवसभर लोकांची तोंडंच बघते, संध्याकाळी आणखी एक कशाला? तिचं म्हणून जे होतं ते या दोन खोल्या, आणि त्याही भाड्याच्या. जागेचा मालक पुढच्या वर्षी जागा विकणार होता आणि आधी तुम्हाला विचारीन असा शब्द त्याने ताईला दिला होता. त्यासाठीचे पैसे ताईच्या फोनमधल्या पाकिटात होते. पान्याला सुरुवातीची वर्षं पगार नाण्यांतच मिळायचा आणि त्यातला अर्धा तो ताईच्या पाकिटात टाकायचा. ताईने त्यातलं एकही नाणं मोडलं नाही. उलट कवळ्यांचे उरलेले पैसे घालून आणखी घेतली, कारण छोट्या म्हणाला होता की हे पक्कं आहे. छोट्या म्हणजे पानाच, घरी.

ती नाणी म्हणजे ती जागा. पण ती कुलपात नव्हती. नुसती पाकिटात पडून होती, आणि पाकिटाला भोक नव्हतं. एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर पान्याचा श्वास चालू होता.

माणसाचं तोंड हा ताईचा प्रांत, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे तिला त्याच्या तोंडावरूनच, अगदी शब्दशः, कळलं.

“झोपेत दात खातोस तू,” ती एका सकाळी म्हणाली. “भिंतीपलीकडून ऐकू येतं मला. आ कर.”

तिने त्याच्या दातांचा साचा घेतला आणि झोपताना घालायला पारदर्शक कव्हर करून दिलं. थोड्याच दिवसांत त्याने ते चावून आरपार केलं. ताईने ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं.

“हे माणसाने केलंय? घोड्याला दिलं असतं तरी टिकलं असतं.” मग तिने टॉर्च घेऊन त्याचा जबडा वर उचलला. “मागची दाढ तडकलीय. कडक काही चावू नकोस. छोट्या, काय चाललंय रे तुझं? तिकडे काही मोडलंय का?”

“नाही गं.”

“मग ते मतदान आहे ना तुझं, त्याची काळजी? त्यात काय एवढं! मी पण देते मत. मागे शिकवलं होतंस तू. बटण कुठलं ते विसरले, पण सापडेल.”

“नको!”

तो इतक्या जोरात ओरडला की ताईच्या हातातला टॉर्च पडला.

“अजिबात हात लावू नकोस त्याला. कळलं? तुझी नाणी आहेत तिथेच राहू देत.”

“बरं बाबा. नाही लावत. ओरडतोस कशाला?” ताई वाकून टॉर्च शोधू लागली, पण शोधता शोधता तिने एकदा वर त्याच्याकडे पाहिलं.

साऱ्या जगाला जे करा म्हणून तो विनवत सुटला होता तेच तो बहिणीला करू नको म्हणाला होता. हे त्याला त्याच क्षणी लख्ख कळलं आणि स्वतःची शिसारी आली. तरी शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

विनवणीत मात्र त्याने काही बाकी ठेवलं नाही. त्याने अक्षरशः दातांच्या कण्या केल्या. ज्यांच्याकडे थोडीफार नाणी आहेत अशा प्रत्येकाला तो लिहीत होता, फोन करत होता. एक ट्रक चालवणारा होता, त्याने गाडी बाजूला घेऊन सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुम्ही एवढं सांगताय तर देतो. एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पेन्शनमधून जमवलेली नाणी होती.

“मला त्यातलं काही कळत नाही रे,” त्या म्हणाल्या. “पण कुलपात ठेवायची म्हणजे, सुरक्षित असतात ना?”

“हो, बाई.”

“मग देते मत. गुणी मुलगा आहेस तू.”

फोन ठेवल्यावर पाना मोरीत गेला आणि नळ सोडून नुसता उभा राहिला.

मतदानाच्या मध्यावर एक खुली सभा असते. कुणीही यावं, काहीही विचारावं. शंभरावर माणसं आली होती, पण पान्याचं लक्ष एकाच नावावर होतं. मुनीम. नेटवर्कवरचा सगळ्यात चिकट माणूस. नाणी भरपूर, आवाज मऊ, आणि खजिन्यातून दमडी बाहेर जायची म्हटली की त्याच्या जिवावर यायचं. तसा तो वाईट नव्हता. आदल्या वर्षी एका गोडबोल्याने जगभर प्रचाराचा दौरा काढतो म्हणून खजिन्यातून भलीमोठी रक्कम उचलली होती आणि चार स्टिकर छापून तो गडप झाला होता. तेव्हा मोठ्यांपैकी एकटा मुनीम ‘नको’ म्हणाला होता, आणि त्याला हसणाऱ्यांत पानाही होता.

“मला फार काही विचारायचं नाही,” मुनीम म्हणाला. “प्रस्तावात देखभाल असं लिहिलंय. मी पुन्हा पुन्हा वाचलं. कशाची देखभाल, ते काही मला उमगलं नाही. तेव्हा एकच सांगा. काही मोडलंय का?”

पडद्याच्या कोपऱ्यात वहिनींचा खासगी निरोप उमटला. ‘नाही म्हणा.’

पान्याच्या डोळ्यांसमोरून सगळे गेले. ट्रकवाला, शिक्षिकाबाई, आणि ज्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं असे ते भोकं शोधणारे, ऐकत बसलेले, जे कधीच काही विचारत नाहीत. पुढच्या खोलीतलं मशीन एरवी घुमत असायचं, ते नेमकं तेव्हा बंद होतं. त्यामुळे त्याचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेला.

“नाही. काही मोडलेलं नाही.”

“पाकिटं, कुलपं, सगळं ठणठणीत?”

“ठणठणीत.”

“मग पैसे कशाचे, भाऊ? फिरत्या पंख्याला फिरवायचे?”

सभेत खसखस पिकली. कुणीतरी लिहिलं, पान्याला आवळायला काही उरलेलं दिसत नाही. पानाही हसला. हसावं लागलं. हसताना तो जिभेने तडकलेली दाढ चाचपत होता, आणि त्याला वाटत होतं की आत्ता, या क्षणी, ओरडून सांगावं, अरे गाढवांनो, तुमच्या पायाखाली जमीन नाही. वहिनींनी दुसरा निरोप पाठवला, ‘बरं केलंत’. मग काही वेळाने तिसरा, ‘आता अवघड आहे’.

अवघड झालंच. रोज सकाळी ‘नको’ची बाजू थोडी फुगलेली असायची आणि दिवसभर पाना माणसं गोळा करून ‘हो’ची बाजू तिच्या बरोबरीला आणायचा. रोज नवी माणसं, आणि रोज कुलपात नवी नाणी. ती नाणी अजून जागच्या जागी आहेत ना हे तो उठताबसता बघायचा. भोक अजून दुसऱ्या कुणाला सापडलं नव्हतं. सापडलं असतं तर सगळं एका क्षणात रिकामं झालं असतं, इशारा वगैरे काही मिळाला नसता. एकदा ताईने त्याला जेवायला हाक मारली तर तो दचकून उभाच राहिला आणि खुर्ची मागे पडली.

शेवटच्या दिवशी दुपारी मतदान संपायचं होतं. जेवणाच्या वेळेला ‘हो’ केसभर पुढे होतं. वहिनी कॉलवर होत्या. पुढच्या खोलीतलं मशीन बंद होतं. ताई जेवायला बसली असेल. पान्याने हातात हात घट्ट धरून ठेवले होते. काही मिनिटंच उरली होती. त्याला वाटायला लागलं, होतंय. होतंय की. सोमवारपासून कामाला लागायचं, वहिनी वरून आणि मी खालून, आणि सगळं बुजवून झालं की त्या शिक्षिकाबाईंना फोन करायचा आणि सांगायचं, बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो.

आणि ‘नको’च्या बाजूला एक जड मत पडलं. तराजू कलला. पान्याने श्वास रोखून दुसऱ्या बाजूला काही पडतंय का ते पाहिलं. काही पडलं नाही. वेळ संपली.

“गेलं,” वहिनी म्हणाल्या.

“मुनीमचाच कुणीतरी असणार. शेवटच्या क्षणापर्यंत दडवून ठेवला होता.”

“असेल.” वहिनींनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. “पाना, मी पहिल्या तारखेपासून दुसरीकडे लागतेय. एका बँकेत. त्यांनी मला आजपर्यंत थांबायला दिलं होतं. मुलांची शाळा आहे हो. रागावू नका.”

“नाही रागावत.”

“सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करू आपण.”

“हो, करू.”

थोडं थोडं करून ते व्हायचं नाही, हे दोघांनाही माहीत होतं. वहिनींच्या मागे मुलं कशाच्या तरी तुकड्यावरून भांडत होती आणि वहिनींनी पहिल्यांदाच त्यांना गप्प केलं नाही.

“आणि तोंड बंद ठेवा,” त्या म्हणाल्या.

“हो.”

कॉल संपला. पाना पडद्याकडे बघत बसला. हरलेल्यांची कुलपं एकेक करून उघडायला लागली होती. ट्रकवाल्याची नाणी त्याच्या पाकिटात परत गेली. मग शिक्षिकाबाईंची. मग ज्यांना त्याने गळ घातली होती, शपथा घातल्या होत्या, थापा मारल्या होत्या, त्या सगळ्यांची. पान्याने डोळे मिटले. सुटले बिचारे. सगळे सुखरूप बाहेर. भोकाशी आता राहिले कोण, तर नको म्हणणारे. मुनीम आणि त्याची फौज. पंख्याचे विनोद करणारे. भोगा म्हणावं. ही खुन्नस त्याला गोड लागली. कित्येक दिवसांत त्याला दुसरं काही गोड लागलं नव्हतं.

ताई चहाचे दोन कप घेऊन आली. हात धुतलेले होते, पण कोपरापर्यंत प्लास्टर होतंच. तिने त्याच्यासमोर कप ठेवला, फळीखालचं स्टूल ओढलं आणि बसली. चेहरा असा की एखाद्याचा वाढदिवस असावा.

“पडला ना तुझा प्रस्ताव?”

“तुला कुणी सांगितलं?”

“मलाच विचार की. मीच पाडला.”

पान्याला नीट ऐकू आलं, पण कळलं नाही.

“चिडू नकोस आता,” ताई म्हणाली. “पूर्ण ऐक. पोहण्याच्या क्लासला जायचास ते आठवतंय? साऱ्या दुनियेला सांगायचास, मस्त आहे, मजा येते. आणि मला मात्र म्हणायचास, तू बघायला येऊ नकोस. मी तेव्हाच ओळखलं होतं, पोराला पाण्याची भीती बसलीय आणि सांगायची लाज वाटतेय. मीच जाऊन तुझं नाव काढून टाकलं. तेव्हा किती रडलास माझ्या गळ्यात पडून! परवा तू माझ्यावर ओरडलास ना, नको म्हणून, तेव्हा मला तेच आठवलं. सगळ्यांना मत मागतोय आणि मला नको म्हणतोय. म्हणजे याला हे काम नकोय, आणि तोंडाने म्हणवत नाहीये.”

“ताई.”

“थांब रे. तरी मी घाई केली नाही. म्हटलं, तिकडे खरंच काही अडलं असेल तर? तुझी ती सभा होती ना, मशीन बंद करून ऐकली मी. तो मऊ आवाजाचा विचारत होता, काही मोडलंय का, आणि तू म्हणालास, नाही, सगळं ठणठणीत. मग म्हटलं, झालं तर. हा सुटला तरी कुणाचं काही बिघडत नाही. मग कशाला जीव काढतोय? आज बसले फोन घेऊन. मेलं ते बटणच सापडेना, अगदी शेवटाला सापडलं.”

“किती?” पान्याने विचारलं. “किती नाणी?”

“सगळी. अर्धवट कशाला करायचं? आणि ते मुदतीचं विचारतं ना, तिथे सगळ्यात लांबची घातली. तूच सांगितलं होतंस, मत सहापट होतं म्हणून. जागेचे पैसे द्यायला अजून अवकाश आहे. तोवर राहतील कुलपात. पाकिटापेक्षा कुलपात बरी, नाही का?”

 पान्याने दाताला दात लावले, जितके लावता येतील तितके, कारण तोंड उघडलं असतं तर त्यातून सगळं बाहेर पडलं असतं. मग तोंडात काहीतरी कट्कन वाजलं. आवाज ताईलाही ऐकू गेला.

“काय झालं? काही मोडलंय का?”

‘नाही’ म्हणायची इतकी सवय झाली होती की ओठ आपोआप तसे झाले. पण जिभेवर काहीतरी टोकदार आलं होतं. त्याने ते हातावर घेतलं. दाढेचा तुकडा होता, लालसर ओला.

ताईने कप बाजूला सारला, टॉर्च काढला आणि त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, मागे धरली होती तशी.

“मोडलीय की रे! अर्धी गेली. दुखतंय खूप?”

पान्याने मान हलवली आणि त्याला रडू फुटलं. साधंसुधं नाही, खांदे गदगदून, लहान मुलासारखं. ताईने टॉर्च विझवला आणि त्याचं डोकं आपल्या प्लास्टरने माखलेल्या ॲप्रनवर घेतलं.

“रड. रडून घे. तेव्हाही असाच रडला होतास,” ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण ती हसत होती. “सुटलास ना आता? दाढेचं काय घेऊन बसलास, उद्या दंतवैद्याकडे नेते तुला आणि दाढ मी स्वतः करून देते. अशी करते की कुणाला ओळखू येणार नाही. आता वेळच वेळ आहे आपल्याला.”

तिने त्याला सरळ बसवलं, रक्त पुसलं आणि दुसऱ्या बाजूला कापसाचा बोळा सारला, तोंड मिटू नये म्हणून.

“असाच बस. मिटू नकोस. साच्याचं कालवून आणते.”

ती पुढच्या खोलीत गेली. वाडग्यात पातं फिरवल्याचा आवाज येऊ लागला आणि त्याबरोबर ती काहीतरी गुणगुणतही होती. पान्याने तिला गुणगुणताना ऐकून वर्षं झाली होती.

त्याने कीबोर्ड जवळ ओढला आणि त्यावरची पांढरी पूड फुंकायला गेला, पण तोंड उघडं असल्यामुळे फुंकर बसेना. मग त्याने ती तळहाताने झटकली. फळीवरचे जबडे आ वासून बसले होते आणि त्यांच्याखाली तोही तसाच बसला होता. त्याने कुलपाचा कोड उघडला. दोघांचं काही महिन्यांचं काम होतं. तो पहिल्या ओळीवर गेला आणि ती पुसून पुन्हा लिहू लागला.